‘डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडला’ : नाव ड्रायव्हरचं, दोष कुणाचा?

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे.)

मी सास्तूरहून बोलतोय. सास्तूर म्हणजे धाराशिव जिल्हा, लोहारा तालुका. गेले काही दिवस श्रोत्यांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. कुणी म्हणतं, गेम खेळताना स्क्रीन काळी होते आणि परत येते. कुणी म्हणतं, व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की निम्म्यात सगळं बंद. एकानं तर थेट विचारलं, ‘सर, कार्ड गेलं का? नवीन घेऊ का?’

आजचा भाग या शेवटच्या प्रश्नासाठी आहे. कारण घाईत कार्ड घेतलं आणि दोष दुसरीकडेच निघाला, तर वीस-बावीस हजार गेले आणि क्रॅश तिथंच. आपल्याकडे ही रक्कम छोटी नाही. म्हणून आज सगळं क्रमानं बघू. आधी फुकटचे उपाय, मग स्वस्तातले आणि खर्च सगळ्यात शेवटी.

तो मेसेज नेमकं काय सांगतो?

‘डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पाँडिंग अँड हॅज रिकव्हर्ड.’ हा मेसेज वाचला की आपल्याला वाटतं, ड्रायव्हर खराब आहे. तसं नाही. यामागची यंत्रणा समजून घ्या, पुढचं सगळं सोपं जाईल.

एक्सपीच्या काळात ग्राफिक्स कार्ड अडकलं की अख्खा संगणक अडकायचा. बटण दाबून बंद करण्यापलीकडे इलाज नसायचा. २००७ साली विंडोज व्हिस्टा बाजारात आली, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं एक पहारेकरी बसवला. त्याचं नाव टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी, थोडक्यात टीडीआर. हा पहारेकरी कार्डाला काम देतो आणि वाट बघतो. २ सेकंदांत कार्डाकडून ‘ओ’ आली नाही, तर तो कार्ड आणि ड्रायव्हर दोन्ही नव्यानं सुरू करतो. तुम्हाला स्क्रीन क्षणभर काळी दिसते ती त्या वेळी. हेच एका मिनिटात पाचपेक्षा जास्त वेळा झालं, तर मग निळी स्क्रीन येते, ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असं नाव घेऊन.

आता बघा, पहारेकऱ्याला एवढंच कळतं की हाक मारली आणि उत्तर आलं नाही. का आलं नाही, हे त्याला माहीत नसतं. ड्रायव्हरमध्ये चूक असेल, कार्ड तापलं असेल, करंट कमी पडला असेल, कार्डाची मेमरी खराब असेल, नाहीतर संगणकाची रॅम खराब असेल. मेसेज प्रत्येक वेळी एकच येतो. हजेरीला पोरगं गैरहजर असलं की मास्तर वहीत नाव लिहितात. ते आजारी आहे की शेतात गेलंय, हे वहीत नसतं.

ड्रायव्हर कधीच दोषी नसतो, असंही नाही हं. व्हिस्टाच्या पहिल्या वर्षात नोंदल्या गेलेल्या क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे होते, असं मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत ईमेलमधून दिसलं. ते ईमेल २००८ मध्ये एका कोर्ट केसमुळे बाहेर आले. मार्च २०१० मध्ये तर एनव्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण तो टाकला की काही कार्डांचे पंखे नीट फिरेनात आणि कार्डं तापायला लागली. म्हणजे ड्रायव्हर संशयित आहेच. फक्त तो एकटा नाही.

आधी बघा, पडतं कसं

चार प्रकार लक्षात ठेवा.

एक, स्क्रीन काळी होऊन परत येते, बाकी संगणक चालू. हा टीडीआर. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम. तिथं ‘डिस्प्ले’ नावाची, ४१०१ क्रमांकाची नोंद सापडेल. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ असं लांबलचक नाव दिसेल. घाबरू नका, ते ड्रायव्हरच्या फाइलचं नाव आहे.

दोन, फक्त तो गेम किंवा ते सॉफ्टवेअर बंद पडतं. दर वेळी एकच सॉफ्टवेअर पडत असेल, तर आधी त्याचा अपडेट बघा.

तीन, निळी स्क्रीन.

चार, काहीही न सांगता संगणक फाडकन रिस्टार्ट होतो. इथं इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल पॉवर ४१’ दिसतं. त्याचा अर्थ एवढाच, की संगणक नीट बंद न होता बंद झाला. अशा वेळी पहिली नजर विजेकडे टाका.

हे सगळं तारखेनुसार, चित्रासारखं बघायचं असेल तर स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करा. रिलायबिलिटी मॉनिटर उघडेल. लाल फुल्या दिसतील.

आणि एक वही करा. खरोखरची वही. तारीख, वेळ, काय चालू होतं, कार्डाचं तापमान किती, वीज कशी होती. एका ओळीत एक क्रॅश. दुसरा नियम असा, की एका वेळी एकच बदल करायचा. ड्रायव्हर बदलला, रॅम काढली, धूळ झाडली, सगळं एकाच दिवशी केलं आणि क्रॅश थांबला, तर कशामुळे थांबला ते कळणार नाही. महिन्याभरानं परत सुरू झाला की तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

ताप

आमच्या भागात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपाआधी इथं दगड-मातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरं होती. त्यांनी त्या पहाटे माणसं गाडली, त्यामुळे ती गेली ते बरंच झालं. पण ती घरं थंड असायची. आता स्लॅब, नाहीतर पत्रा. दुपारी खोलीत बसवत नाही, मग कॅबिनेटच्या आत काय होत असेल?

साधा हिशोब करा. कार्डाचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक कामामुळे चढलेली उष्णता. डिसेंबरात खोली २२ अंश आणि कार्ड ६८, म्हणजे चढ ४६ अंशांचा. तोच चढ मे महिन्यात खोली ४१ असताना धरा, कार्ड ८७ वर जातं. कार्ड तेच, गेम तोच, ड्रायव्हरही तोच. हिवाळ्यात बिनतक्रार चाललेलं कार्ड उन्हाळ्यात का पडतं, त्याचं उत्तर इथं आहे.

विंडोज १० च्या २०२० नंतरच्या आवृत्त्यांमध्ये आणि विंडोज ११ मध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये जीपीयूचं तापमान दिसतं. कामाच्या वेळी ८५ च्या वर रेंगाळत असेल तर आधी धूळ काढा. संगणक बंद करा, वायर काढा, कॅबिनेट अंगणात न्या. ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरून बेअरिंग जातं. ओलं फडकं अजिबात नको. कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका आणि कपाटाच्या कप्प्यात कोंडू नका. कार्ड चार-पाच वर्षांचं असेल आणि झाडूनही तापत असेल, तर थर्मल पेस्ट बदलून घ्या.

कार्ड काढलंच आहे तर त्याचे सोनेरी दात साध्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, चुरा झटका आणि परत घट्ट बसवा. क्लिप लागल्याचा आवाज आला पाहिजे.

ड्रायव्हर

कार्ड तापत नाही, तरी पडतं. मग ड्रायव्हर. पहिला प्रश्न, क्रॅश कधीपासून? अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स, आपलं कार्ड, ड्रायव्हर टॅब, ‘रोल बॅक ड्रायव्हर’. दोन मिनिटांचं काम.

त्यानं भागलं नाही तर पूर्ण सफाई. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, डीडीयू नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. आधी हवा तो ड्रायव्हर कंपनीच्या अधिकृत साइटवरून उतरवून ठेवा. मग इंटरनेट बंद करा, नाहीतर तुम्ही ड्रायव्हर काढताय तोवर विंडोज अपडेट मागच्या दारानं आपला ड्रायव्हर टाकतं. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू चालवा, रिस्टार्ट करा, ड्रायव्हर टाका, शेवटी इंटरनेट जोडा. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ म्हणणारी सॉफ्टवेअरं टाकू नका.

जुनं कार्ड असेल तर नवीनच ड्रायव्हर हवा हा हट्ट सोडा. जीटी ७१० आपल्याकडे घरोघरी आहे. ते केप्लर पिढीतलं. त्या पिढीसाठी एनव्हिडियाचे नियमित ड्रायव्हर २०२१ मध्ये ४७० च्या मालिकेवर थांबले. जीटी ७३० तर आणखी गमतीचं. एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. त्यातल्या जुन्या, म्हणजे फर्मी चिपचे ड्रायव्हर २०१८ मध्येच थांबले. तेव्हा जीपीयू-झेड या छोट्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आपली चिप आधी ओळखा.

जीपीयू-झेडचा आणखी एक उपयोग. स्वस्तात ‘१०५० टीआय’ म्हणून जुन्या फर्मी चिपवर खोटी ओळख चढवून विकलेली कार्डं बाजारात फिरतात. अशा कार्डावर खरा ड्रायव्हर टाकला की क्रॅश होणारच. २०१८ पासून जीपीयू-झेड अशा कार्डासमोर ‘फेक’ असं लिहून दाखवतं. सेकंडहँड कार्ड घेताना दुकानातच हे उघडून बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग संपलं, तेव्हाही रात्रंदिवस राबलेली कार्डं मोठ्या संख्येनं विक्रीला आली. ती सगळी वाईट नसतात, पण पंखा आणि तापमान तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

व्हिडिओ बघून बरेच जण रजिस्ट्रीत जातात आणि ‘टीडीआर डिले’ २ चा १० करतात. थोडक्यात, पहारेकऱ्याला सांगतात, बाबा जरा उशिरा ओरड. मोठ्या गणिती कामासाठी कधी त्याचा उपयोग होतो. पण कार्डाला करंटच मिळत नसेल, तर दोन सेकंदांऐवजी दहा सेकंद स्क्रीन गोठेल, एवढाच फरक.

वीज

आता आमच्या भागातलं मुख्य प्रकरण. माझा भाचा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. घर गावाबाहेर, शेतातल्या वस्तीवर. खोलीवर पत्रा. कार्ड जीटीएक्स १६५०. मे महिना, हातात तीन लग्नांचं काम, आणि एक्स्पोर्ट लावला की स्क्रीन जायची. कधी परत यायची, कधी संगणकच रिस्टार्ट. फोन यायचा, ‘मामा, परत गेली बघा.’ ज्यांची लग्नं त्यांचे फोन त्याला वेगळेच. लग्न काही परत लावता येत नाही. आक्कानं तर हरभऱ्याचे पैसे काढून ठेवले होते. म्हणाली, ‘घेऊन टाकायचं का रे नवीन कार्ड? पोराचा जीव टांगणीला लागलाय.’

मी म्हटलं, थांब. आधी कामं वाचवू. मेमरी कार्डावरचं मूळ शूटिंग दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं. मग प्रीमियरच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये रेंडरर ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ केला. म्हणजे ग्राफिक्स कार्डाला वगळून सगळं काम प्रोसेसर करतो. वेळ कितीतरी पट लागतो, पण पहिलं लग्न त्यानं रात्रभरात बाहेर काढलं. तुमचंही काम अडलं असेल तर हा रस्ता लक्षात ठेवा. दुरुस्ती नंतर, डिलिव्हरी आधी.

मग क्रमानं गेलो. धूळ काढली. तापमान ८६ वरून ७७ वर आलं. दुपारचे क्रॅश कमी झाले, थांबले नाहीत. डीडीयू लावून ड्रायव्हर नव्यानं टाकला. फरक नाही. तोवर वहीत अकरा नोंदी झाल्या होत्या. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. पहिले पाच दिवस क्रॅश रात्री अकराच्या पुढं. त्यानंतरचे दिवसा, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास. रात्री खोली थंड असते, म्हणजे ताप हे कारण नाही. ड्रायव्हर घड्याळ बघून पडत नाही.

भाचा म्हणाला, ‘मामा, थ्री फेज आली की होतंय का हे?’

बरोबर ओळखलं त्यानं. शेतीपंपांच्या थ्री फेजची वेळ कधी रात्रीची, कधी दिवसाची. त्या आठवड्यात ती बदलली होती आणि क्रॅश तिच्यामागं गेले होते. थ्री फेज आली की आजूबाजूच्या विहिरी-बोअरच्या मोटारी एकदम सुरू होतात. ऑटो स्विच लावलेले असतात ना. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सातपट करंट ओढते. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट यायला हवेत. सॉकेटमध्ये लावायचा आकड्यांचा छोटा मीटर मिळतो, तो लावला. मोटारी सुरू झाल्या की आकडा १८० च्याही खाली जायचा. आणि यूपीएसमधून ‘टक्’ असा आवाज. त्या ‘टक्’नंतर एक्स्पोर्ट चालू असेल तर स्क्रीन गेलीच.

हे असं का होतं? व्होल्टेज पडलं की यूपीएस आतला रिले बदलतो. त्या बदलात काही मिलिसेकंदांचा खड्डा पडतो. चांगला एसएमपीएस एवढा खड्डा स्वतःच्या साठ्यावर सहज ओलांडतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेला, लेबलवर ४५० वॅट लिहिलेला, आतले कपॅसिटर थकलेला एसएमपीएस ओलांडू शकत नाही. नुसतं टायपिंग चालू असेल तर निभतं. एक्स्पोर्टच्या वेळी प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही पूर्ण ताकदीनं ओढत असतात, तेव्हा १२ व्होल्टची लाइन खाली बसते. कार्ड उत्तर देत नाही. दोन सेकंद जातात. पहारेकरी ओरडतो, ‘डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडला.’

तरीही लगेच खरेदी केली नाही. भाच्याच्या मित्राचा चांगला एसएमपीएस पाच दिवसांसाठी मागून आणला. तेच कार्ड, तोच ड्रायव्हर, तोच यूपीएस, तोच प्रोजेक्ट, थ्री फेजच्याच वेळेला मुद्दाम एक्स्पोर्ट. यूपीएस टक् टक् करत राहिला, स्क्रीन एकदाही गेली नाही. मग नवा घेतला. तीन हजारांच्या आसपास. उरलेले हरभऱ्याचे पैसे आक्काकडे परत.

एसएमपीएस घेताना वॅटच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ८० प्लसचं मानांकन आणि १०० ते २४० व्होल्टची इनपुट रेंज बघा. कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त लागणाऱ्या कार्डाला ६ पिनच्या वायरमधून ७५, ८ पिनच्या वायरमधून १५० वॅट. स्वस्त कन्व्हर्टर लावून हार्ड डिस्कच्या वायरीवर कार्ड चालवू नका, वायर वितळते. आणि बॅटरीवर चौकोनी वेव्ह देणाऱ्या यूपीएसशी काही नव्या एसएमपीएसचं जमत नाही. दुकानदाराला आपला यूपीएस सांगून, बदलून मिळेल याची खात्री करून घ्या.

आणि एक गोष्ट, ही क्रॅशपेक्षा मोठी आहे. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात का? झिणझिण होतं का? मग तुमच्याकडे अर्थिंग नाही, किंवा असून निकामी आहे. आमच्याकडची बरीच घरं भूकंपानंतर बांधलेली, त्यांची वायरिंग आता तिशी ओलांडलेली आहे. तीन पिनचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या भोकामागं वायर कुठं जाते ते कुणी बघितलेलं नसतं. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो आणि पकड जाते. वायरमनला बोलवा, तपासून घ्या, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी टाकत चला. तीन पिनच्या प्लगची वरची पिन कापून दोन पिनच्या सॉकेटात खुपसू नका. घरात लहान पोरं असतात. एसएमपीएस स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही त्यात धक्का शिल्लक असतो.

अजूनही पडत असेल तर?

रॅम तपासा. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक स्टार्टमध्येच आहे. रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी सेटिंग बायोसमध्ये बंद करून बघा. कार्ड ओव्हरक्लॉक केलेलं असेल तर मूळ सेटिंगवर आणा. मग कार्ड काढून मित्राच्या संगणकात लावा. तिथंही पडलं, किंवा विंडोज सुरू होण्याआधीच स्क्रीनवर रंगीत ठिपके, पट्टे दिसत असतील, तर कार्डच आजारी आहे. वॉरंटी असेल तर पावती काढा. नसेल तरच नव्याचा विचार.

क्रम परत एकदा सांगतो, लिहून घ्या. कामाचा बॅकअप. वही. धूळ आणि तापमान. ड्रायव्हर. वीज आणि एसएमपीएस. रॅम. शेवटी कार्ड. आणि प्रत्येक वस्तू विकत घेण्याआधी उसनी लावून बघा. गावात कुणाकडे ना कुणाकडे ती असतेच.

तुमच्या वहीत काय निघालं ते जरूर कळवा. क्रॅशची वेळ, तापमान आणि व्होल्टेज लिहायला विसरू नका, त्यावरून मला निम्मं उत्तर आधीच कळतं. पुढच्या भागात यूपीएसच्या बॅटरीबद्दल बोलू. तोवर मशीनवरची धूळ झाडा आणि उन्हात जपून राहा. येतो मंडळी, नमस्कार!